पेटीत काही बिघाड नव्हता

ज्यांच्या घरात कुणाला लकवा मारला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. डाव्या हाताने लिहितो आहे, त्यामुळे अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं आहे. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी मुलांची अक्षरं सुधारली, 'काय हे, कोंबडीने पाय दिलेत का?' असं म्हणत वह्या परत केल्या. आता माझी लेक मनीषा माझी वही डोळ्यांजवळ धरते आणि विचारते, "पप्पा, हा 'म' आहे का 'भ'?" ती हे टाइप करून देणार आहे. मधे मधे तिने आपल्या पदरची वाक्यं घुसवू नयेत, एवढीच विनंती.

औषधांची नावं, रक्तदाबाचे आकडे मी देणार नाही. ते तुमच्या फाइलमध्ये असतील आणि तुमचे डॉक्टर ते माझ्यापेक्षा बरे समजावून सांगतील. मला आजारपणात ज्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, तेवढ्याच सांगतो.

पट्टी फुगली असेल

आधी दौलतबद्दल सांगायला हवं. दौलत माझा गावाकडचा मित्र. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात तरुणपणी आमची गायन पार्टी होती. दौलत गायचा, मी पेटी वाजवायचो. जयंती, लग्न, नामकरण, कुठूनही बोलावणं आलं की आम्ही टेम्पोत मागे बसून निघायचो. दौलतचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली बाई उठून जायची नाही. पुढे मला मास्तरची नोकरी लागली आणि बदल्या सुरू झाल्या. दौलत जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये लागला. पेटी माळ्यावर गेली. तीस-बत्तीस वर्षं आम्ही भेटलो की एकमेकांना एकच गोष्ट सांगायचो, "रिटायर झालो की बसू."

तो आधी रिटायर झाला, मग मी. मी जालन्यात मस्तगडाजवळ घर केलं, तो दोन गल्ल्या सोडून राहतो. पेटी खाली काढली, दुरुस्त करून आणली. वर्षावास सुरू होता. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि आश्विन पौर्णिमेला समारोपाचा कार्यक्रम असतो. दौलतने मला न विचारता सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "समारोपाला गानं मी आन् पेटी आमचे मास्तर." मी वरवर रागावलो. मनातून खूप खूश झालो.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती सकाळ आली.

माझी बायको सुमन अंगणवाडी सेविका आहे. ती डबा घेऊन निघून गेली आणि मी पेटी घेऊन बसलो. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पट्टीवर पडेनात. सूर उशिरा यायचा, कधी यायचाच नाही. झडीचे दिवस होते. म्हटलं, पट्टी फुगली असेल, ओल धरली की लाकूड फुगतं. मी पेटी उघडली. स्क्रू ड्रायव्हर दोनदा हातातून पडला. म्हटलं, मुठीला तेल लागलंय. मूठ पुसली, पुन्हा पडला. मग डाव्या हाताने स्क्रू काढले. सगळ्या पट्ट्या काढून अंथरलेल्या पेपरवर ओळीने मांडल्या, ब्रशने आतले सूर, म्हणजे पितळेच्या पात्या, साफ केले, पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच. मला घामच फुटला, पण तो पेटीवरच्या रागाने. कारागिराने काम नीट केलं नाही म्हणून त्याला मनात लाखोली वाहिली. मग डोकं जड वाटलं म्हणून तिथेच सतरंजीवर आडवा झालो.

हात बिघडला आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हाताने कधी दगा दिला नव्हता, पेटीने मात्र दहादा दिला होता.

सुमन एक वाजता आली. "अजून जेवले न्हाई? हे काय मांडून बसले?" असं म्हणाली. मी काहीतरी उत्तर दिलं. ती थबकली. "तोंडात काय हाय?" मी म्हटलं, काही नाही. पण ते 'काही नाही' मलाच नीट ऐकू आलं नाही. तिने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. ती किंचाळली नाही. शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि मला म्हणाली, "उठा."

यावर मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "आधी स्क्रू गोळा कर, हरवतील."

"किती वाजता सुरू झालं?"

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. सुमनने सांगितलं, "मी गेल्ते तव्हा चांगले होते." मग सगळे माझ्याकडे बघू लागले. जाड झालेल्या जिभेने मी पेटीची हकिकत सांगितली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी स्वतःच्या मानेला हात लावला आणि खाली बघितलं. गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते काही तासांच्या आतच देता येतं, असं त्यांनी सांगितलं. ते तास मी पेटीचे सूर पुसण्यात घालवले होते.

या सगळ्या लिखाणातून एकच ओळ लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: हातातून वस्तू पडायला लागली, तोंड वाकडं झालं, बोलणं घसरलं, की वस्तू दुरुस्त करत बसू नका. दवाखान्यात जा. झोपून बघू, मालीश करून बघू, चहा घेऊन बघू, काही नाही. लगेच जा.

दवाखान्यात नऊ दिवस होतो. तिथला दिवस पहाटे फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. मग रक्त घ्यायला कुणीतरी, मग बीपी, मग "सर, हात उचला", मग "सर, पाय उचला". दर दोन तासांनी कूस बदलायची. मला लघवीची नळी लावली होती आणि त्याची मला एवढी लाज वाटत होती की भेटायला आलेल्यांशी मी त्यांच्याकडे न बघता बोलायचो. भीती मरणाची नव्हती. खरं सांगतो, मरण त्या वेळी बरं वाटलं असतं. भीती ही होती की मी पुढची वीस वर्षं जगेन आणि सुमन रोज माझं ढुंगण धुवेल.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. या आजारात रडू येतं, उगाच येतं. नर्सने वरण-भात आणला तरी मी रडायचो. मला वाटलं, आपण खचलो. नंतर कळलं, मेंदूला मार लागला की असं होतं, त्यात तुमचा काही दोष नसतो. तुमचा माणूस रडला तर त्याला 'मर्दासारखे राहा' वगैरे सांगू नका. रुमाल द्या.

सगळंच वाईट नव्हतं. वॉर्ड झाडायला एक मावशी यायच्या. त्या रोज खाटेपाशी थांबायच्या, झाडू काखेत धरून म्हणायच्या, "जय भीम सर. आज तोंड कालच्यापेक्षा बराबर दिसून राह्यलं." डॉक्टर काहीच ठाम सांगत नव्हते, एमआरआयवाले काहीच सांगत नव्हते. मी सकाळी मावशींच्या निकालाची वाट बघायचो.

आक्का आणि पारवा

चौथ्या दिवशी माझी मोठी बहीण, आक्का, भोकरदनच्या एसटीने आली. हातात कापडी पिशवी. पिशवी हलत होती.

"परल्हाद, घाबरू नको," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "पारवा आनलाय. याचं रगत चोळलं की हात उठतो. आपल्या गावच्या सोपानाचा उठला का न्हाई?"

बत्तीस वर्षं मी वर्गात, ग्रामसभेत, विहारात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली होती. आणि आता माझ्याच खाटेखाली पारवा घुमत होता. भाषण द्यायला जीभ वळत नव्हती. सुमनने समजावलं, "आक्का, पाखरू वार्डात चालत न्हाई." आक्का म्हणाली, "तू चूप बस. भाऊ माझा हाय."

इथे एक कबुली द्यायची आहे, सुमनलाही ही पहिल्यांदाच कळेल. त्या वेळी माझ्या मनात आलं, चोळू दे. काय बिघडतं? कुणाला कळणार आहे? माणूस घाबरला की त्याची सगळी भाषणं कुठे जातात ते मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून मी गावाकडच्या लोकांना हसत नाही.

निकाल पारव्यानेच लावला. तो एवढ्या जोरात घुमायला लागला की नर्स धावत आली. दौलत तिथेच होता. "आण इकडं" म्हणून त्याने पिशवी उचलली, खाली नेली आणि पार्किंगमध्ये उघडली. आक्काचं आणि दौलतचं त्यावरून आजही नीट नाही. माझी बोटं अजून वळत नाहीत त्याला दौलत जबाबदार आहे, असं ती कुणालाही सांगते.

घरात

घरी आल्यावर चार महिन्यांत बोलणं पुष्कळ साफ झालं. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र अर्धवट राहिला. खांदा हलायचा, कोपर दुमडायचं, पण बोटं तळहाताकडे वळलेली, आवळलेली. उघडायला जावं तर आणखी घट्ट. व्यायाम घ्यायला एक मॅडम घरी यायच्या. हसऱ्या होत्या पण सोडणाऱ्या नव्हत्या. "सर, मूठ उघडा. सर, सगळं येतं तुम्हाला, ही मूठ तेवढी वाईट सवयीची आहे." माझ्या मुठीला त्या एखाद्या वाया गेलेल्या पोरासारख्या रागवायच्या.

घराबद्दल गोड-गोड लिहिणार नाही. मी चिडका झालो होतो. सुमन सकाळी माझं सगळं आवरून अंगणवाडीत जायची, दुपारी येऊन पुन्हा माझं आवरायची. तिची कंबर धरली. मी मात्र पाण्याचा ग्लास चुकीच्या बाजूला ठेवला म्हणून तिच्यावर ओरडायचो. एक दिवस ती माझ्या शर्टाची बटणं लावत होती. मी म्हटलं, "जरा लवकर कर की." तिने हात काढून घेतले आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"मी बी माणूस हाय," ती म्हणाली. "लावा तुमची तुम्ही."

वीस मिनिटं लागली. पाचपैकी तीन बटणं लागली, तीही एक भोक सोडून. पण ती उठली नाही, मदत केली नाही, आणि मी ओरडलो नाही. त्या दिवसापासून आमचं थोडं सुधारलं. घरातल्या माणसाला थकायचा हक्क असतो, हे आजारी माणसाने लवकर ओळखावं. मी उशीर केला.

दौलत रोज संध्याकाळी यायचा. मिलच्या गोष्टी सांगायचा, आक्काच्या शिव्या सांगायचा, पेटीचं नाव काढायचा नाही. मी पडलो त्या साली समारोपाचा कार्यक्रम तोंडावर आला, तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं, दुसऱ्या पेटीवाल्याबरोबर गा. त्याने साफ नाही म्हटलं. मला मनीषाकडून कळलं. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "पुढच्या साली गाऊ. घाई काय हाय?"

मला त्याचा रागच आला. सुमनच्या कंबरेवर माझं ओझं होतं, आता दौलतच्या गळ्यावरही झालं. त्याचं वय माझ्याहून तीन वर्षांनी जास्त. मिलमधल्या धुराने त्याची छाती खाल्लेली. पुढच्या साली त्याचा आवाज राहील का, हे मला ठाऊक नव्हतं. माझा हात येईल का, हेही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तीस वर्षं एकच गोष्ट मागे ठेवली होती, आणि ती माझ्यामुळे राहून जाणार होती. रोज सकाळी जाग आली की पहिली हीच गोष्ट छातीवर बसायची.

भुंकणारे तीन सूर

मॅडम म्हणाल्या, पेटी वाजवणं चांगला व्यायाम आहे, प्रयत्न करा. मग मी दोन महिने तेच केलं. डाव्या हाताने उजव्याची बोटं सरळ करून पट्ट्यांवर मांडायची आणि एक बोट दाबायचं. एक कधीच दाबलं जायचं नाही. सगळी मूठ पडायची आणि तीन सूर एकदम भुंकायचे. डावा हात बोटं मांडण्यात गुंतलेला, मग भाता कोण मारणार, म्हणून मनीषा येईल त्या रविवारची मी वाट बघायचो.

शेवटी एका रविवारी मी पेटीचं झाकण लावलं आणि संध्याकाळी दौलतला सांगून टाकलं, "दुसरा पेटीवाला बघ. माझ्याच्याने होत नाही."

"बघितला," दौलत म्हणाला.

मला वाटलं नव्हतं तो इतक्या पटकन हो म्हणेल. त्याने खिशातून फोन काढला. "याच्यात सूर भेटतो म्हनं. नातीनं टाकून दिलाय." त्याने बोटाने काहीतरी दाबलं, तंबोरा सुरू झाला. दौलतने डोळे मिटले, हात कानावर ठेवला, आलाप घेतला, आणि वरच्या सुराकडे निघाला तोच फोनमधून एक बाई केस गळण्यावरच्या तेलाबद्दल बोलू लागली.

दौलतने फक्त एक डोळा उघडला. त्याच्या डोक्यावर आता एक केस नाही. सुमन स्वयंपाकघराच्या दारात होती, ती हसत हसत खालीच बसली. मीही हसलो. त्या आजारपणात मोठ्याने हसलो ते तेव्हा पहिल्यांदा. पोट दुखलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी ते बरोबर कारणासाठी आलं.

"अहो, मंग डाव्या हातानं वाजवा की," सुमन पदराने डोळे पुसत म्हणाली.

"आणि भाता?"

"मी मारते. त्यात काय मोठं?"

सुमनचा भाता

ज्यांनी पेटी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजवा हात पट्ट्यांवर वाजवतो आणि डावा हात पेटीच्या मागचा भाता मारून हवा भरतो. म्हणजे माझ्या डाव्या हाताने तरुणपणापासून नुसती हमाली केली होती. त्याला आता एकदम साहेब केलं.

तो साहेब व्हायला तयार नव्हता. जिथे अंगठा हवा तिथे करंगळी यायची. सा रे ग म साधे चढायला पंधरा दिवस लागले. मी पहिलीच्या मुलांना कसं शिकवत होतो ते आठवत होतो आणि त्यातल्या काही मुलांची मनात माफीही मागत होतो. सुमन समोर बसायची आणि माझ्याकडे तोंड करून भाता ढकलायची. ती चूल फुंकल्यासारखा भाता मारायची. भाजी करपेल असं वाटलं की जोरात, फोन आला की बंद. मी ऐन ओळीत असायचो आणि सूर विझायचा. "सुमन!" "अहो, सुपरवायझर मॅडमचा फोन हाय." भांडायचो, पुन्हा बसायचो. सहा महिन्यांत डाव्या हाताला चार-पाच गाणी बऱ्यापैकी यायला लागली. दौलत येऊन हळू आवाजात गुणगुणायचा. वर्षावास पुन्हा सुरू झाला होता.

आणि सुमनची कंबर गेली. एके सकाळी तिला सरळ उभंच राहता येईना. डॉक्टरांनी खाली वाकून बसायला साफ मनाई केली. म्हणजे भाता बंद.

ती पलंगावर पडून होती, मी जमिनीवर पाय लांब करून पेटीसमोर बसून होतो. मी म्हटलं, "जाऊ दे. देवाने.." आणि थांबलो. आमच्याकडे देवाला मधे आणत नाहीत, पण तोंडातून निघून गेलं. "जाऊ दे, नशीबच नाही."

"नशिबाचं मला सांगू नका," सुमन पडल्या पडल्या म्हणाली. "सहा महिने मी भाता मारून राह्यले. त्याला बोटं लागत न्हाईत. नुसता दाबायचा. उघडतो तो आपल्या आपण. तुमचा तो हात लावून तर बघा."

मी तरुणपणापासून पेटी वाजवली, पण हे मला सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात उजवा हात म्हणजे वाजवायचा हात. वाजवता येत नाही म्हणजे संपला. त्याला हमालीला लावायचं मनातच आलं नाही. अभिमान म्हणा.

मी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि पेटीच्या मागे भात्याच्या काठावर ठेवला. सुमन समोरून ढकलायची, पण मी बसतो त्या बाजूने भाता आपल्याकडे ओढावा लागतो. आणि ती आवळलेली बोटं, मॅडमनी वर्षभर जिला वाईट सवयीची म्हटलं ती मूठ, भात्याच्या काठावर आकड्यासारखी बसली. सुटेना. मी कोपर दुमडलं. कोपर मला येतच होतं. भाता मिटला. हात सैल सोडला, आतल्या स्प्रिंगने भाता आपोआप उघडला. पुन्हा ओढला. डाव्या हाताने षड्ज दाबला.

सूर आला. थरथरत आला, पण लांबच्या लांब आला. मी बोट उचललंच नाही. सुमन कंबर विसरून कोपरावर उठून बसली होती आणि शेजारणीने लावून दिलेला कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. आमच्यापैकी एकालाही उठून गॅस बंद करता येण्यासारखा नव्हता. त्या दिवशी वरणाचा पार लगदा झाला. आम्ही तो तसाच खाल्ला.

मॅडमना दाखवलं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच अट घातली. पंधरा मिनिटं वाजवलं की पुढची पंधरा मिनिटं हात टेबलावर सपाट ठेवून बोटं उघडायची. "मुठीला डोक्यावर बसवू नका," म्हणाल्या. मी ही अट पाळतो. तुमच्यापैकी कुणी माझं ऐकून काही करणार असाल तर आपल्या मॅडमना, सरांना आधी विचारा. माझं जमलं ते माझ्या हाताचं.

समारोप

तालमी सुरू झाल्या. तरुणपणी दौलत काळी चारमध्ये, म्हणजे बऱ्याच वरच्या पट्टीत गायचा. आता बसला की म्हणायचा, "काळी एक घे. तुझ्या डाव्या हाताला सोपं पडंल." लयही तो उतरवायचा. "हळू घेऊ, तुझी बोटं मागं राह्यतात." मला वाईट वाटायचं. एवढा मोठा गाणारा माझ्यापायी खाली उतरून राहिला, असं वाटायचं. पण मी ऐकायचो.

पौर्णिमेला विहार भरून गेला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, पंचशील झालं, ग्रंथाची शेवटची पानं वाचून झाली. मग आम्हाला बसवलं. मला मांडी घालता येत नाही म्हणून पेटी बाकावर ठेवली होती आणि मी खुर्चीत. सुमन कंबरेचा पट्टा बांधून बायकांत पुढे बसली होती. हात भात्यावर बसवला. दौलतने माझ्याकडे बघून मान हलवली.

पहिलं गाणं पार पडलं. दुसऱ्यात, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी, घामाने हात सुटला. बोटं काठावरून निसटली आणि भाता बंद पडला. सूर गेला. डाव्या हाताने पट्ट्या सोडून उजवा हात उचलायचा, मागे नेऊन पुन्हा बसवायचा, याला वेळ लागतो. सुमन उठायला गेली, तिला बाजूच्या बाईने धरलं.

दौलत थांबला नाही. त्याने धृपदाची तीच ओळ पुन्हा घेतली. संपली की पुन्हा. आधी लोक ऐकत होते, मग टाळ्या धरल्या, मग बायका त्याच्याबरोबर म्हणू लागल्या, मग सगळा विहार. एकच ओळ, सात-आठ वेळा. कुणी नवीन माणूस आला असता तर त्याला वाटलं असतं, हे असंच ठरलेलं आहे. माझा हात बसला. मी भाता ओढला, पट्टी दाबली. एवढी माणसं बिनपेटीची गात होती, पण सूर हलला नव्हता. मी त्यांच्यात मिसळलो. बाकीची गाणी कशी झाली ते मला नीट आठवत नाही, पण झाली.

नंतर खीर वाटली. दौलत आणि मी बाहेर ओट्यावर बसलो. तो घामाने चिंब होता आणि छातीवर हात ठेवून दम घेत होता. मी विचारलं, "कसं वाजलं रे?" तरुणपणीही मी दर कार्यक्रमानंतर हेच विचारायचो आणि तो कधी कौतुक करायचा नाही.

"हळू वाजवलं," तो म्हणाला. "लई हळू."

"तूच सांगितलं होतंस."

"हां." त्याने खिरीची वाटी खाली ठेवली. "मास्तर, खरं सांगू का? माझा दम गेलाय. दोन साल झाले. काळी चार सोड, काळी दोनला बी आवाज फाटतो. मनात लई भेव होतं. तू चांगला असतास, पहिल्यासारखा वाजवत सुटला असतास, तर मी लोकायसमोर उघडा पडलो असतो. म्हून तुझ्या हाताचं नाव करून राह्यलो होतो. मनलं, याला कुठं कळतंय."

म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं की तो माझ्यासाठी खाली उतरला आहे. रडू आलं, हसूही आलं. मी पुढे वाकून उजव्या हाताने त्याचा हात धरला. धरला तो धरलाच. बोटं आवळली आणि सुटेनात. मी ओढतो, तो ओढतो, आम्ही दोघं म्हातारे ओट्यावर हसत अडकून बसलेलो. सुमन खिरीची पळी बाजूला ठेवून हळूहळू आली आणि माझं एकेक बोट उचलायला लागली.

"राहू द्या वहिनी," दौलत म्हणाला. "काय जल्दी हाय."